किरकोळ

आमच्या घरातल्या हिशोबाच्या वहीत एक शब्द लिहायचा नाही, असा नियम आहे. तो शब्द म्हणजे 'किरकोळ'. नियम मी केला, वही मात्र नवरा लिहितो. रोज रात्री, झोपायच्या आधी पाच मिनिटं. किती आले, किती गेले, कशावर गेले. बसचं तिकीट असेल तर बसचं तिकीट, पेनाची रिफिल असेल तर रिफिल. 'इतर' आणि 'वरखर्च' हे शब्दही चालत नाहीत, पण ती बंदी नंतरची. मूळ राग किरकोळवर, कारण आमचं घर जवळजवळ त्या एका शब्दातून वाहून गेलं.

लग्नानंतर पैशांचं सगळं तोच बघायचा. मला आकड्यांचा कंटाळा आणि त्याला आवड, हे आम्ही दोघंही चारचौघांत कौतुकानं सांगायचो. महिन्याच्या हिशोबात शेवटची ओळ किरकोळची असे. सुरुवातीला ती खरोखरच किरकोळ होती. मग ती विजेच्या बिलाएवढी झाली, मग घराच्या हप्त्याला टेकली. मी विचारलं की म्हणायचा, "अगं, दहा ठिकाणी सुटे सुटे जातात, किती लिहीत बसू?" पटायचं. पटवून घ्यायचं असलं की पटतं.

मग एका दुपारी मला फोन आला. समोरची बाई फार गोड आवाजात बोलत होती. नवऱ्याचे तीन हप्ते थकलेत, त्यानं दिलेल्या संपर्कात तुमचा नंबर आहे, म्हणाली. कसले हप्ते? "पर्सनल लोनचे, मॅडम." मी म्हटलं, तुमचा नंबर चुकलाय. तिनं शांतपणे नवऱ्याची जन्मतारीख सांगितली.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी दारातच विचारलं. बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "किरकोळ आहे. पुढच्या महिन्यात क्लिअर होईल."

दारूला वास येतो. पाय लटपटतात, जीभ जड होते, डोळे बोलतात. जुगाराला वास नाही. माझा नवरा वेळेवर घरी यायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा, कुणाच्या वर आवाज चढवायचा नाही. फक्त आंघोळीला फार वेळ लावायचा. नळ चालू असायचा आणि बादली भरून वाहत असायची. आत तो कोरडा ठणठणीत, उलट्या टबवर बसून फोनवर खेळत असे, हे मला कळायला चार वर्षं लागली. दुसरी खूण म्हणजे त्याचा उजवा अंगठा. झोपेतसुद्धा तो हलायचा. खालून वर नाही, वरून खाली. स्क्रीन ओढून ताजी करतात तसा. मी गमतीनं म्हणायचे, तुला झोपेत कोण भेटतं रे?

या सगळ्याची सुरुवात एका जिंकण्यानं झाली होती. अगदी पहिल्या काही दिवसांतच त्याला मोठी रक्कम लागली आणि त्यातून त्यानं मला घड्याळ आणलं. 'बोनस मिळाला' म्हणाला होता. रॉबर्ट कस्टर नावाचे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ होते. १९७२ साली ओहायोतल्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात त्यांनी जुगाऱ्यांसाठी भरती होऊन उपचार घेण्याचा पहिला कार्यक्रम सुरू केला. जुगारी माणसाचा प्रवास त्यांनी तीन टप्प्यांत मांडला: जिंकण्याचा, हरण्याचा आणि हातघाईचा. समुपदेशकांनी हे समजावलं तेव्हा माझं लक्ष मनगटाकडे गेलं. पहिला टप्पा मी चार वर्षं हातात बांधून फिरत होते. ते घड्याळ आता ड्रॉवरमध्ये आहे. सेल संपलाय. मी बदललेला नाही.

त्या फोननंतर मी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "हरतोयस हे दिसत होतं ना? मग थांबला का नाहीस?" बाहेरून बघणाऱ्या प्रत्येकाचा हाच प्रश्न असतो. तो म्हणाला, "अगं, दर वेळी हरत नव्हतो. कितीदा तर एकानं हुकलं." त्याच्या डोळ्यांत ते सांगताना चमक होती, आणि त्या चमकेची मला भीती वाटली. एकानं हुकणं म्हणजे हरणंच की. पण त्याच्या मेंदूत त्याची नोंद 'जवळजवळ जिंकलो' अशी होत होती. मेंदूच्या अभ्यासांत हे दिसून आलंय: थोडक्यात हुकलं की जिंकल्यावर जे भाग उत्तेजित होतात त्यांतलेच काही उत्तेजित होतात. माणसाला ते सुखाचं वाटत नाही, पण पुन्हा खेळायची ओढ वाढते.

हे वाचलं तेव्हा नवं वाटलं. मग कॉलेजात कधीतरी शिकलेलं अक्षसूक्त आठवलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त, एका जुगाऱ्याचं रडगाणं. दुसऱ्याच ऋचेत तो म्हणतो, ही माझ्याशी कधी भांडली नाही, रागावली नाही, माझ्याशी आणि माझ्या मित्रांशी चांगलीच वागली, आणि एका 'एकपर' फाशापायी मी अशा बायकोला दूर लोटलं. एकपर. एकाच्या फरकानं उलटलेला. म्हणजे तेव्हाही एकानंच हुकलं होतं! शिकताना मी या शब्दावरून नुसती घसरत गेले होते. परीक्षेला तो आला नव्हता.

नवऱ्याचा दुसरा युक्तिवाद 'आता लागायलाच हवं' हा होता. इतक्या वेळा गेलं म्हणजे आता येणारच. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या कसिनोत रूलेची गोळी ओळीनं सव्वीस वेळा काळ्यावर पडली. लोक लालवर पैसे ओतत राहिले, की आता तरी लाल. गोळीला मागचं काही आठवत नसतं. माझ्या नवऱ्याला हे गणित येत नव्हतं असं नाही. तो इंजिनीअर आहे, मुलीला संभाव्यता तोच शिकवायचा. वहीवर नाणं काढून, छाप-काटा करून. मग रात्री न्हाणीघरात जाऊन नेमका उलटा वागायचा. माहीत असणं आणि हात थांबणं यांच्यात किती अंतर असतं, ते मी तेव्हा पाहिलं. तेव्हापासून मी त्याला आकडेमोड समजावणं सोडून दिलं.

आजार की स्वभाव, हा वाद आमच्या घरात बरेच महिने चालला. नात्यातल्या एका शहाण्यांनी, "आजारबिजार काही नाही, नियत खोटी," असा निकाल दिला. मलाही आतून तेच वाटत होतं, कबूल करते. आजार म्हटलं की त्याच्यावर रागवायचा हक्क जातो, असं वाटायचं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात १९८० साली हा विकार पहिल्यांदा आला, पण तो आवेगांवर ताबा नसण्याच्या विकारांत. २०१३ साली त्याला तिथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या पंगतीत, व्यसनांमध्ये बसवलं. त्यात नऊ लक्षणं दिलीत, वर्षभरात चार दिसली तरी निदान होतं. हरलेलं भरून काढायला परत जाणं, लपवण्यासाठी खोटं बोलणं, थांबायचे प्रयत्न पुन्हापुन्हा फसणं. मी पेन्सिल घेऊन बसले होते. आठ खुणा झाल्या. नववी वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली: पैशांची कोंडी झाली की ती फोडायला दुसऱ्यांवर अवलंबून राहणं.

त्या लक्षणातली दुसरी व्यक्ती मी होते.

झालं होतं असं. फोननंतरच्या आठवड्यात त्यानं सगळं कबूल केलं, निदान मला तसं वाटलं. रडला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो म्हणाला, तेवढं मी करू दिलं नाही. मी लॉकर उघडला, माझी ठेव मोडली, भावाकडून उसने घेतले आणि कर्ज एका दिवसात फेडून टाकलं. मला अजून आठवतं, बँकेतून बाहेर पडताना मी हलकी झाले होते. संकट आलं, मी उभी राहिले, संपलं. बायकोनं असंच करायचं असतं.

सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. त्या रात्री मला म्हणाल्या, "द्रौपदीनं सगळं सोडवून आणलं होतं गं. नवरे सोडवले, धृतराष्ट्रानं राज्यसुद्धा परत दिलं. वाटेतून परत बोलावणं आलं आणि धर्मराज पुन्हा जाऊन बसला." मला त्यांचा संताप आला. पोटच्या पोराबद्दल असं कसं बोलतात? द्यूताचं नाव काढलं की आपण सगळे वस्त्रहरणापाशी थांबतो. त्यानंतरचं अनुद्यूत, तो दुसरा डाव, कुणाच्या लक्षात राहत नाही. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्या दुसऱ्या डावातला आहे. पहिल्यात गेलेलं सगळं परत मिळालं होतं.

आमचा दुसरा डाव सव्वादोन महिन्यांनी उघडकीला आला. कर्ज फेडल्यामुळं त्याची पत सुधारली होती आणि नवं कर्ज चटकन मिळालं होतं. म्हणजे माझ्या ठेवीनं मी त्याला कर्जमुक्त केलं नव्हतं, खेळायला नवा फड मांडून दिला होता. यातून मला जे कळलं ते अजूनही बायकांना सांगितलं की त्या माझ्याकडे सासूबाईंकडे मी पाहिलं होतं तसंच पाहतात: कर्ज एकदम फेडू नका. त्याचं आहे, त्याला हप्त्याहप्त्यानं फेडू द्या. तुमची सही कुठेही करू नका. जामीन राहू नका. हे क्रूर वाटतं. मला तर ते पापच वाटलं होतं.

पण आता जे सांगायचंय ते त्याच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. बहुतेक ठिकाणी हे राहून जातं, म्हणून जरा रेंगाळते.

दुसऱ्या डावानंतर मी पहारेकरी झाले. त्याचा फोन, मेल, बँकेचे मेसेज, खिसे, पाकीट, ऑफिसच्या बॅगेचे कप्पे. रात्री तो झोपला की त्याचं बोट फोनला लावायचं आणि बाथरूममध्ये जाऊन, हो, त्याच उलट्या टबवर बसून, एकेक ओळ तपासायची. वीसपैकी एकोणीस रात्री काही सापडायचं नाही. विसाव्या रात्री एखादी ओळ निघायची. कधी ती खरी असायची, कधी साधं विम्याच्या हप्त्याचं वजावट. सापडलं की काळीज धडधडायचं, आणि लाज वाटते सांगायला, त्यात एक आनंदही असायचा. बघ, मी म्हटलं नव्हतं? नाही सापडलं तर समाधान मिळायचं का? छे. मग मी अजून खोल शोधायचे.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. दर टोचीला दाणा मिळाला तर कबूतर पोट भरेल तेवढंच टोचतं. दाणा कधी येईल याचा नेम नसला, कधी पाचव्या टोचीला, कधी पन्नासाव्या, तर ते टोचतच राहतं, आणि दाणे बंद केले तरी फार वेळ थांबत नाही. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. समुपदेशकांनी हे नवऱ्यासाठी सांगितलं होतं. मी बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला दिसत होती ती न्हाणीघरातली, अंगठ्यानं स्क्रीन खाली ओढणारी, मी.

माझीही झोप गेली होती. मीही ऑफिसात खोटं बोलत होते, मीही मुलीशी बोलताना मनानं दुसरीकडे असायचे. आणि हरलेलं भरून काढायला परत जाणं? लग्नाची इतकी वर्षं घातली, आता सोडलं तर सगळं पाण्यात, असं म्हणत मी रोज थोडं अजून लावत होते. त्याच्या हातून सुटत नव्हता तो डाव आणि माझ्या हातून सुटत नव्हता तो, यात फरक इतकाच की माझ्याला लोक संसार म्हणत होते.

यातून बाहेर काढलं ते एका गटानं. गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस ही जुगाऱ्यांची स्वमदत संघटना १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली, दारुड्यांच्या गटांचाच साचा घेऊन. तिच्या बाजूलाच घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन नावाचे गट उभे राहिले. नवरा गटात जायला तयार होईपर्यंत बरेच दिवस गेले. मी आधी गेले. ऑनलाइन, कॅमेरा बंद ठेवून. पहिल्या दिवशी मी सगळं त्याचंच सांगितलं, तो कसा, तो काय म्हणाला, त्यानं किती घालवले. वीस मिनिटं. एक वयस्कर बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "बाळा, तू आज जेवलीस का?" मला उत्तर देता आलं नाही. खरंच आठवेना.

तिथं शिकवलं असं काही नाही. पण ऐकता ऐकता काही गोष्टी आपोआप घरी आल्या. आधी पैसे वेगळे केले. माझा पगार माझ्या एकटीच्या खात्यात, घराचा हप्ता आणि मुलीची फी तिथून. त्याच्या पगाराच्या खात्याला त्यानंच ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा घालून घेतली, क्रेडिट कार्ड बंद केली, फोनवर जुगाराच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर टाकलं, जिथं खेळायचा तिथं स्वतःला बंदी घालून घेण्याचे अर्ज भरले. हे मी केलं असतं तर त्यानं पळवाट शोधली असती. त्यानं केलं, मी शेजारी बसले. एवढा फरक महत्त्वाचा होता. हातखर्चाला आठवड्याची रोकड. ती रक्कम हातात देताना सुरुवातीला माझा चेहरा हेडमास्तरसारखा व्हायचा. एकदा तो म्हणाला, "दे, पण तोंड वाकडं करून देऊ नको." बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून पाकीट सोमवारी सकाळी टेबलावर असतं. देणं-घेणं नाही.

मग कर्जांची यादी. लिहायला सोपी, निघायला महाकठीण. पहिल्या दिवशी त्यानं चार नावं लिहिली आणि शपथेवर सांगितलं, संपलं. तीन दिवसांनी दोन वाढली. समुपदेशकांनी मला आधीच बजावलं होतं की पहिली यादी कधीच पूर्ण नसते, सगळ्यात लाजेचं कर्ज शेवटी निघतं. आमच्याकडं ते दहाव्या दिवशी निघालं: त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलाकडून घेतलेले उसने. रक्कम सगळ्यात लहान होती. ती लिहिताना त्याचा हात इतका कापत होता की आकडा खोडून पुन्हा लिहावा लागला. मी त्या वेळी काही बोलले नाही, याचा मला अजूनही अभिमान आहे. खूप बोलावंसं वाटत होतं.

त्याच रात्री एक वाक्य तो सहज बोलला. "माझा विमा तरी आहे, तुमचं भागेल." बोलून कूस बदलली. असं वाक्य ऐकलं की बायका म्हणतात, काहीतरीच काय बोलतोस, आणि विषय संपवतात. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचे विचार येण्याचं प्रमाण फार मोठं असतं, आणि सगळं उघडकीला आल्यानंतरचे दिवस विशेष धोक्याचे, हे मी गटात ऐकलं होतं. थेट विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट वाट मोकळी होते, हेही. मी दिवा लावला. विचारलं, "मरायचा विचार करतोयस का?" हेच शब्द. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "कधी कधी." आम्ही पहाटेपर्यंत जागे होतो. सकाळी मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले, घरातली औषधं उचलून सासूबाईंच्या कपाटात ठेवली, पुढचे कित्येक दिवस त्याला एकटं ठेवलं नाही. तिथून औषध सुरू झालं, जुगारावरचं नव्हे, नैराश्यावरचं, आणि मग दर आठवड्याला समुपदेशन. पुढच्या सगळ्या सुधारणांपेक्षा मला तो दिवा लावलेला क्षण मोठा वाटतो. दारात उभं राहून विचारलेल्या कितीतरी प्रश्नांपैकी मी त्याला खऱ्या अर्थानं विचारलेला पहिला प्रश्न तो होता.

समुपदेशनात नेमकं काय होतं ते त्यानं मला कधी पूर्ण सांगितलं नाही आणि मी विचारणं सोडलं. जे दिसलं ते सांगते. कधी ओढ येते ते तो ओळखायला शिकला. पगाराचा दिवस, भांडणानंतरचा तास, आणि विशेष म्हणजे काहीतरी चांगलं घडल्यावर. ओढ लाटेसारखी चढते आणि तिला काही केलं नाही तर उतरते, हे त्याला कुणी तरी पटवलं. मग तो मधूनच उठून चालायला जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा मी खिडकीत उभी राहिले. पाचव्या-सहाव्यांदा पुस्तक वाचत बसले. वाचलं काहीच नाही, पण बसले.

'रिकव्हरी' हा शब्द आमच्या घरात तीनदा आला. आधी नवऱ्याच्या तोंडून, "एवढं रिकव्हर झालं की सोडतो." मग फोनवरून, "रिकव्हरी डिपार्टमेंटमधून बोलतोय." शेवटी समुपदेशकांकडून. तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा मी हसले, आणि ते बिचारे चमकले. पहिल्या दोन्ही अर्थांत गेलेलं परत मिळवायचं होतं. आणि गेलेलं गेलं, ते परत मिळवायचं नाही, हे मान्य झाल्याशिवाय तिसरी सुरूच होत नाही. आमची ठेव परत येणार नाही. मुलीच्या ज्या वर्षांत तो न्हाणीघरात होता ती वर्षंही नाहीत. हे बोलून दाखवायला मला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

अकराव्या महिन्यात तो घसरला. अक्षसूक्तातला जुगारी पाचव्या ऋचेत म्हणतो, मी ठरवतो की आता खेळणार नाही. पण फासे टाकल्याचा आवाज आला की अभिसारिका निघावी तसा तिकडे निघतो. आमच्याकडं फाशांच्या आवाजाच्या जागी एका जुन्या मित्राचा मेसेज होता. आठवड्याची रोकड आणि वर कुणाकडून तरी घेतलेले थोडे, सगळं एका दुपारी गेलं. संध्याकाळी घरी आला, बूट काढले, आणि यावेळी माझ्याकडे बघून म्हणाला, "आज खेळलो." मागच्या खोट्याला चार वर्षं लागली होती बाहेर यायला. हे तीन तासांत आलं. गटातल्या बाईंनी मला हेच मोजायला सांगितलं होतं: किती दिवस खेळला नाही ते त्याला मोजू दे, तू खरं किती लवकर घरी येतं ते मोज.

म्हणून मी समजूतदारपणे वागले, असं मात्र झालं नाही. मी आरडाओरडा केला, भांडं आपटलं, मुलीला घेऊन दोन दिवस भावाकडे गेले. तिथं भावजय म्हणाली, "प्रेमानं जिंक त्याला." माणसं किती सहज जिंकायच्या गोष्टी करतात! माझ्या ओळखीतली एक जण याच कारणानं नवऱ्याला सोडून गेली आणि आज सुखात आहे. तिच्यात प्रेम कमी होतं आणि माझ्यात जास्त, असं काही नाही. तिच्या नवऱ्याचं खरं कधीच घरी आलं नाही, आणि एके दिवशी त्यानं हात उगारला. अशा घरात थांबायला मी कुणालाही सांगणार नाही. माझ्या नवऱ्याचं खरं तीन तासांत आलं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी मी परत आले. त्याच्याविषयी खात्री होती म्हणून नव्हे. खात्री मला आजही नाही, आणि तिच्यावाचून झोप लागते, हे मी नव्यानं शिकले.

मुलीला किती सांगायचं हा प्रश्न आम्ही बरेच दिवस टाळला. शेवटी तिनंच सोडवला. "बाबांना फोनवरच्या गेमचं व्यसन आहे, मला माहितीये. तुला त्यांचा फोन बघायचं आहे, तेपण माहितीये." तेव्हा ती दहा वर्षांची होती.

आता साडेतीन वर्षं होतील. दोन कर्जं फिटली, एक चालू आहे. हाताखालच्या मुलाचे पैसे त्यानं सगळ्यात आधी फेडले, स्वतः जाऊन, रोख. आंघोळ सात मिनिटांत होते. अंगठा झोपेत अजून कधी कधी हलतो. मी त्याचा फोन शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही, म्हणजे आठवतं. मागच्या पावसाळ्यात एकदा. गटात तसं सांगितलं.

परवा तो दोन दिवस बाहेरगावी होता, म्हणून वही माझ्याकडे होती. दमले होते, सुट्या पैशांचा मेळ लागेना. शेवटच्या ओळीत आकडा टाकला, समोर 'किरकोळ' लिहिलं आणि दिवा घालवला. काल रात्री तो परत आला. आज सकाळी वही उघडली तर त्या शब्दापुढे पेन्सिलीनं एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं. मी बराच वेळ बघत राहिले. मग खोडरबर शोधला, आठवत आठवत बसले, आणि खाली लिहिलं: घड्याळाचा सेल, आणला पण बसवला नाही.